बैलाला सुट्टी, बाईला पुरण

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीने चोळतात. पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. त्याला न्हाऊ घालतात, शिंगं रंगवतात, पाठीवर झूल टाकतात आणि पुरणपोळी भरवतात. वर्षभर राबला, एक दिवस त्याला विश्रांती. हा न्याय शेतकऱ्याला कुठल्या कायद्याने शिकवलेला नाही. चांगली रीत आहे, टिकावी. पण त्याच दिवशी, त्याच घरात, बैलाच्या पुरणासाठी पहाटे उठून डाळ शिजत घालणारी जी बाई असते, तिच्या खांद्याला हळद लावावी असं अजून कुणाच्या मनात आलेलं नाही. बैलाची सुट्टी बाईच्या जादा पाळीवर उभी आहे.

पवनी तालुक्यात तर हे फारच ठळक दिसतं. वैनगंगेच्या काठचा हा धानाचा मुलूख. पोळा येतो श्रावणी अमावास्येला. त्याच्या आधीचे आठवडे असतात रोवणीचे. चिखलणी बैलांनी केली, हल्ली ट्रॅक्टरने होते. रोवणी मात्र बाया करतात. कमरेत वाकून, पोटऱ्यांपर्यंत पाण्यात, पाठीवर पाऊस घेत. म्हणजे ज्या हंगामासाठी बैलाचे आभार मानायचे, त्याच हंगामात बाईही तेवढीच वाकलेली असते. बैलाला सण मिळाला. बाईला सणाचा सयपाक मिळाला.

पोळ्यानंतर थोड्याच दिवसांत महालक्ष्म्या येतात. पुन्हा पुरण, आंबील, कढी, वडे, सोळा भाज्या. पुढे दसरा, मग दिवाळी: करंज्या, अनारसे, चकल्या, शंकरपाळे. या काळात बाईला विचारा, "काय करून राहिली?" ती सांगेल, "काही नाही बाई, घरीच आहो." या "काही नाही"चा हिशेब मांडण्यासाठी हा लेख आहे.

हिशेब साधा आहे. घरात दहा माणसं जेवायला. माणशी तीन पोळ्या म्हणजे तीस. एक पोळी भरायची, लाटायची, दोन्ही बाजूंनी भाजायची, याला चार मिनिटं धरा. झाली एकशेवीस मिनिटं. दोन तास नुसतं तव्यासमोर उभं राहणं किंवा चुलीपुढे बसणं. यात चण्याची डाळ शिजवणं नाही. कट काढणं, गूळ घालून पुरण आटवणं, ते वाटणं, कणिक तिंबणं, कटाची आमटी, भात, भाजी, भजी, काहीच नाही. सारवणं, भांडी, पाणी भरणं नाही. पंगती उठल्यावर मागे उरलेल्या गार पोळीवर तिचं स्वतःचं जेवण, तेही नाही. हा हिशेब घरातल्या कुणाही पुरुषासमोर मांडा. तो म्हणेल, "अगं, पण सण आहे ना!" सण आहे म्हणूनच तर विचारतो आहोत. तुम्हाला सण आहे. तिला काय आहे?

सरकारने हे मोजलेलं आहे. २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी झाली. सहा वर्षांवरच्या मुली-बायांपैकी ८१ टक्क्यांहून जास्त जणी घरातलं बिनपगारी काम करतात. पुरुषांत हे प्रमाण सुमारे २६ टक्के. जे करतात त्यांतल्या बाया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं करतात, पुरुष ९७ मिनिटं. म्हणजे बाईचे रोजचे जवळजवळ पाच तास. आणि ही साध्या दिवसांसकटची सरासरी आहे. सणाच्या दिवशी हा आकडा कुठे जात असेल, ते आपल्या पाठीला माहीत आहे.

या कामाला "काम" म्हणायला आपल्या देशाने किती वर्षं घेतली पाहा. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायांना "काम न करणाऱ्यां"मध्ये टाकलं होतं, भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्या पंक्तीला. २०१० साली एका अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यावर कडक ताशेरे ओढले. त्याआधी २००१ मध्ये, जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीच्या खटल्यात, याच न्यायालयाने गृहिणीच्या कामाची किंमत महिना ३,००० रुपये धरली होती. २०२१ च्या जानेवारीत न्यायालयाने पुन्हा सांगितलं की गृहिणीचं काम हे उत्पन्नच मानलं पाहिजे, आणि तिथे २०१९ च्या पाहणीचे आकडे दिले. यातली मेख लक्षात घ्या. हे सगळे खटले बाई मेल्यावरचे आहेत. तिच्या सयपाकाची किंमत काढायला आधी तिला ट्रकखाली यावं लागतं किंवा आगीत जळावं लागतं. जिवंतपणी तिच्या पोळीचं मोल शून्य.

पवनीच्या बाईला मजुरीचा हिशेब कळत नाही असं कुणी समजू नये. भंडारा-गोंदियाच्या पट्ट्याने अनेक वर्षं बिड्या वळून घरं चालवली. तेंदूची पानं कापायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजारावर. "छाट" म्हणून किती बिड्या बाजूला काढल्या आणि त्यापायी किती पैसे बुडाले, हे न शिकलेल्या बाईलाही तोंडपाठ. तीच बाई, त्याच अंगणात, तेच हात. दुपारी बिडी वळली तर हजारी मिळते. संध्याकाळी करंजी वळली तर ती "हौस". बोटं तीच, पाठ तीच, वेळ तोच. मग फरक कशाचा? एक वस्तू मालकाकडे जाते, दुसरी घरधन्याच्या ताटात. एवढाच.

कोष्ट्यांच्या घरातही हीच गोष्ट. पवनीचं विणकाम एकेकाळी नावाजलेलं होतं. मागावर पुरुष बसे. कांड्या भरायच्या, सूत उकलायचं, खळ द्यायची ही कामं घरातल्या बायापोरींची. पैसे मात्र विणणाऱ्याच्या हातात. बाईच्या कामाला "मदत" म्हणायचं, म्हणजे मजुरीचा प्रश्नच मिटला. "मदत" हा शब्द आपण नीट ओळखून असावं. बाई करते तेव्हा ती मदत असल्याने पैसे नाहीत, आणि पुरुष घरात एक कांदा चिरतो तेव्हाही ती "मदत"च असल्याने कौतुक.

कौतुकावरून रोडग्यांचं आठवतं. आपल्याकडे शेतावर, देवळापुढे रोडग्यांची पंगत होते. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी करायची. तिथे बहुधा पुरुष पुढे असतात. आणि गावभर बोलबाला होतो की अमक्याच्या हातचे रोडगे म्हणजे काय सांगावं! म्हणजे पुरुषांना सयपाक येत नाही हे खोटं आहे. चारचौघांत, मैदानात, नाव होत असेल तिथे येतो. घराच्या भिंतीआड, रोजच्या रोज, नाव न होता करायचा असेल तिथे येत नाही.

आता नव्या काळाची गोष्ट. तालुक्याच्या गावांतही ओव्हन आले. मोबाईलवर केक, ब्रेड, बिस्किटं शिकता येतात. नाताळच्या दिवसांत इटलीची पानेत्तोने घरी कशी करावी हेही कुणी दाखवतं. शिकावं, हरकत नाही. नवं काही हाताला जमलं की आनंद होतो, तो खोटा नसतो. पण त्या व्हिडिओत जे सांगत नाहीत ते आपण सांगू.

पानेत्तोने हा मिलान शहराचा नाताळचा गोड पाव. घुमटासारखा उंच, आत बेदाणे आणि पाकवलेल्या संत्र्या-लिंबाच्या साली, अंडी आणि भरपूर लोणी. तो फुगवतात आंबवलेल्या पिठाच्या विरजणाने. ते विरजण आधी काही दिवस पीठपाणी घालून जागतं ठेवावं लागतं. एक पीठ रात्रभर फुगवायचं, सकाळी त्यात अंडी-लोणी घालून दुसरं मळायचं, पुन्हा फुगवायचं. भाजून झाला की पाव खाली बसू नये म्हणून सळया टोचून कित्येक तास उलटा टांगून ठेवायचा. हे सगळं किचकट आहे. म्हणूनच तिथल्या घराघरांतल्या बाया दर नाताळला हे करत बसत नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर मिलानमध्ये मोत्ता आणि अलेमान्या या मिठाईवाल्यांनी त्याचं कारखान्यात उत्पादन सुरू केलं आणि तो देशभर पोचला. आज इटलीतली बहुतेक कुटुंबं तो दुकानातून किंवा बेकरीतून आणतात. २००५ साली तिथल्या सरकारने नियमच केला: लोणी किमान १६ टक्के आणि बेदाणे-साली किमान २० टक्के नसतील तर त्याला पानेत्तोने म्हणता येणार नाही. परंपरा जपायची म्हणून त्यांनी काय जपलं? लोण्याचं प्रमाण जपलं. ते सुनेनेच मळलं पाहिजे अशी अट कुठल्याही कलमात नाही.

आणि विकतचा पाव टेबलावर आला म्हणून मिलानचा नाताळ बुडाला, असंही कुणी म्हणत नाही. आपल्याकडे विकतची करंजी ताटात दिसली की सासू गप्प होते, नणंद हसते आणि शेजारीण विचारते, "यंदा बरं नव्हतं का?" बाई आजारी असेल तरच तिने करंजी विकत आणावी. धडधाकट बाईने विकत आणली तर तो गुन्हा.

त्याच इटलीतून आणखी एक गोष्ट निघाली होती, ती या पावापेक्षा जास्त घेण्यासारखी आहे. १९७२ साली पादुआ शहरात मारियारोझा दल्ला कोस्ता, सेल्मा जेम्स, सिल्विया फेदेरिची आणि त्यांच्या मैत्रिणींनी "घरकामाला मजुरी" ही मागणी घेऊन चळवळ उभी केली. त्यांचं म्हणणं असं: कारखान्यात कामगार रोज ताजातवाना हजर होतो, कारण घरात कुणीतरी त्याला शिजवून, धुऊन, जोपासून तयार करतं. म्हणजे मालक एका पगारात दोन माणसं राबवतो. यावर डाव्या पक्षांत आणि स्त्रियांच्या गटांतही भांडणं झाली. मजुरी दिली तर बाई चुलीला कायमची बांधली जाईल, ही शंका पुष्कळांनी काढली. शंका खरी आहे. पण त्या मागणीने एक काम पक्कं केलं. ज्याला "प्रेम" म्हणत होते त्याला "काम" म्हणायला बायांनी सुरुवात केली. एकदा काम म्हटलं की तास मोजता येतात, सुट्टी मागता येते, नकार देता येतो.

नकार दिल्यावर काय होतं तेही जगाने पाहिलं. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी आइसलँडमधल्या सुमारे ९० टक्के बायांनी कचेरी, कारखाना आणि स्वयंपाकघर, तिन्ही ठिकाणचं काम बंद ठेवलं. बाप लोक पोरांना घेऊन कामावर गेले. झटपट शिजणारी सॉसेजेस दुकानांतून संपली. पुढच्याच वर्षी तिथे स्त्री-पुरुष समानतेचा कायदा झाला. एका दिवसात देश उपाशी मेला नाही. त्याला फक्त भूक कळली.

आता आपल्यावर जे आक्षेप येतात ते घेऊ.

पहिला: "आम्ही आवडीने करतो." काही जणींना खरंच आवडतं. पुरणाचा वास, चौघीजणी मिळून करंज्या करताना होणाऱ्या गप्पा, हे सुख आहे आणि ते कुणी काढून घेऊ नये. पण आवडीची कसोटी एकच. न करण्याची मुभा आहे का? या वर्षी नाही केलं तर घरात कुणी तोंड वाकडं करणार नाही, माहेरचा उद्धार होणार नाही, अशी खात्री असेल तर ती आवड. नसेल तर ती वेठ. वेठीला आवड हे नाव देऊन वेठ गोड होत नाही.

दुसरा: "परंपरा मोडते." कुठली परंपरा? पाट्यावरचं पुरण गेलं आणि पुरणयंत्र आलं, तेव्हा कुणाचा धर्म बुडाला नाही. दळण जात्यावरून गिरणीत गेलं, लाकडं जाऊन सिलिंडर आला. सणाच्या भाज्यांत बटाटा आला, तो तर समुद्रापलीकडून आला. हे सगळं खपलं. खपत नाही तो एकच बदल: बाई ताट वाढून घेऊन सगळ्यांबरोबर पंगतीत बसली, हा.

आणि परंपरेत सगळ्याच बायांना जागा असते असंही नाही. महालक्ष्मीच्या जेवणाला सवाष्ण लागते. विधवा चालत नाही. पाळी आलेली चालत नाही. जात बघितली जाते. २०१७ साली पुण्यात हवामान खात्यातल्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी आपल्या सयपाकिणीवर पोलिसांत तक्रार केली, का, तर तिने जात लपवून, सवाष्ण ब्राह्मण असल्याचं सांगून, सोवळ्यातला सयपाक केला. पुढे ओरड झाल्यावर तक्रार मागे घेतली गेली. सयपाक बिघडला होता अशी तक्रार नव्हती. बाईचं शिक्षण, पगार, विज्ञान, काहीही त्या सोवळ्यापर्यंत पोचलं नाही. जी परंपरा एका बाईला राबवते आणि दुसरीला बाटवते, ती जपण्याचं ओझं बायांनीच का घ्यावं?

हे फक्त देवधर्म करणाऱ्या घरांचंच आहे असंही नाही. भंडारा हा १९५४ च्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले तो मतदारसंघ. इथे चळवळीचा वारसा मोठा. पण कुठलंही शिबिर, कुठलीही जयंती घ्या. मंडपात भाषणं आणि मंडपामागे भाताचं पातेलं. पातेल्याजवळ कोण असतं? देव गेले, पोथ्या गेल्या, पण वाढप्याची जात काही गेली नाही. ती जात म्हणजे बाई. आणि ८ मार्चला कचेऱ्यांत, शाळांत "जागतिक महिला दिना"निमित्त पाककला स्पर्धा भरवतात त्याला काय म्हणावं? कामगार दिनाला कामगारांची वजन उचलण्याची स्पर्धा कुणी भरवत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. "तुम्ही विकत आणणार, म्हणजे दुसरी गरीब बाईच राबणार ना?" बरोबर. म्हणून विकत आणा एवढ्यावर हा लेख संपत नाही. त्या दुसरीला काय मिळतं, ते विचारायला हवं.

बचत गटाच्या दिवाळी फराळाचा भाव कसा काढतात ते पाहा. बेसन एवढ्याचं, तेल एवढ्याचं, साखर, गॅस, पिशव्या. वर थोडा "नफा". मजुरीची ओळ कागदावर नसतेच! बाईच्या तासांना शून्य धरून जो उरतो त्याला आपण नफा म्हणतो. तो नफा नाही, तिच्याच मजुरीचा तुकडा आहे. शाळेत पोरांना शिजवून घालणाऱ्या बायांचंही तेच. २००९ साली केंद्राने त्यांना महिना १,००० रुपये ठरवले, तेही वर्षाचे दहा महिने. आणि त्याला नाव दिलं "मानधन". सरकारने मान ठेवला तो शब्दात. धन ठेवायला जागा उरली नाही.

याउलट काय होऊ शकतं तेही महाराष्ट्रातच घडलेलं आहे. १९५९ साली गिरगावातल्या सात बायांनी ८० रुपये उधार घेऊन पापड लाटायला घेतले, त्यातून लिज्जत उभं राहिलं. तिथे लाटण्याची मजुरी ठरलेली असते आणि लाटणारी भागीदार असते. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गिरणीकामगारांना जेवू घालणाऱ्या या बाया तोवर सावकाराच्या व्याजात पिचत होत्या. त्यांना बँकेचं कर्ज मिळालं. त्याच बाया, तीच पोळीभाजी. फरक पडला तो संघटनेने आणि हिशेबाने.

पवनीच्या मातीत एक जुनी गोष्ट निघाली आहे. १९६९-७० च्या उत्खननात इथे प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि दगडावरचे लेख सापडले. त्या काळच्या स्तूपांवर आणि लेण्यांत, सांचीला, कान्हेरीला, कार्ल्याला, दान देणाऱ्या बायांची, भिक्षुणींची नावं कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांनंतरही ती वाचता येतात. ज्या बायांनी त्या भिक्षूंच्या पात्रात रोज अन्न घातलं, त्यांचं नाव कुठेच नाही. दगड दिला तर नाव, भाकर दिली तर विस्मरण. हा नियम आपण आणखी किती पिढ्या चालू ठेवायचा?

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या सणांआधी आपापल्या गटात हे विषय घ्या.

एक. प्रत्येकीने एका सणाच्या सयपाकाचे तास वहीत लिहावेत. कोण किती वाजता उठलं, कोण किती वाजता जेवलं. ती वही घरात मोठ्याने वाचून दाखवावी.

दोन. पुरण वाटणं, नारळ खोवणं, भांडी घासणं, वाढणं ही कामं पुरुषांची म्हणून वाटून द्यावीत. "मदत" हा शब्द वापरू नये.

तीन. पंगत एकच. बाया मागून जेवणार नाहीत.

चार. बचत गटाच्या प्रत्येक पदार्थाच्या भावात मजुरीची वेगळी ओळ हवी, निदान रोजगार हमीच्या मजुरीच्या दराने. तेवढ्यात परवडत नसेल तर भाव वाढवावा, बाईचे तास कमी लिहू नयेत.

पाच. घरी सयपाकीण किंवा कामवाली येत असेल तर सणाला तिलाही सुट्टी आणि त्या दिवसाचा पगार. घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ साली झाला. आपल्या गावात किती जणींची नोंद झाली, ते गटाने जाऊन विचारावं.

सहा. शिबिरात, जयंतीला, मेळाव्यात पातेल्याची पाळी लावावी, आणि पाळीत पुढाऱ्यांची नावं आधी लिहावीत.

यातलं काहीच क्रांतिकारी नाही. सगळं एका सणात करून बघण्यासारखं आहे. घरातून पहिला प्रश्न येईल, "मग पोळ्या कोण करणार?" उत्तर देण्याची घाई करू नका. तो प्रश्न थोडा वेळ घरात तसाच राहू द्या. इतकी वर्षं तो कुणालाच पडला नव्हता.